पिवळं जानवं

१

पंचगंगा घाटाच्या पायऱ्या इतक्या उभ्या आहेत की वरच्या पायरीवरून सुटलेलं एक लिंबू नदीपर्यंत पोचेतो चांगलं मुरलं आणि नावाड्यांनी ते लोणचं म्हणून खाल्लं, असं तिथले लोक शपथेवर सांगतात. लिंबाची गोष्ट थाप असेल. पण त्या मंगळवारी दिवस उजाडताना त्याच पायऱ्यांवर अनिश डोकं फुटून पडला होता, त्यात थाप नव्हती.

त्याला पहिल्यांदा पाहिलं श्रीराम मिसिरांनी. वरुणा नदीच्या काठावर रेशीम रंगवायचा एक कारखाना आहे, मिसिर तिथले सुपरवायझर. अनिश तिथलाच केमिस्ट. बनारसी साडीच्या लडींना गिऱ्हाइकाला हवा तोच रंग जुळवून देणारा. मिसिर रोज पंचगंगेवर स्नानाला येत. त्या दिवशी ते ओल्या धोतरानिशी गल्ल्या चढत ब्रह्मा घाटावर आले आणि विद्युल्लताबाईंची कडी वाजवली.

विद्युल्लताबाई म्हणजे अनिशची मावशी. त्याची आई गेली तेव्हा पोर सहा वर्षांचं होतं. तेव्हापासून मावशी हीच आई आणि तीच बाप. मुलींच्या इंटर कॉलेजात चौतीस वर्षं केमिस्ट्री शिकवून रिटायर झालेली बाई. दुधात पाणी किती हे कुणीही सांगेल. बाई ते पाणी कुठल्या नळाचं हे वासावरून सांगत, अशी ब्रह्मा घाटावर ख्याती होती. त्या सकाळी मात्र त्या पायरीवर बसून राहिल्या आणि त्यांना कसलाच वास येईना.

"पाँव फिसल गया होगा, बहिनजी," दरोगा कस्तुरी राय हलक्या आवाजात म्हणाली. ही कस्तुरी बाईंच्याच हाताखाली शिकलेली, सहामाहीत केमिस्ट्रीत नापास झालेली. वर्दी अंगावर आली तरी बाईंपुढे उभं राहताना तिचे हात आपोआप मागे जात.

"तो चढताना कधी घसरला नाही आणि उतरताना घसरेल? या पायऱ्यांवर तो चालायला शिकला," बाई म्हणाल्या. "आणि त्याची फाइल कुठाय?"

त्या निळ्या फाइलची हकिकत अशी. कारखान्यात एक स्वस्तातली लाल पूड वापरली जाई. कायद्याने बंद केलेली. कामगार ती उघड्या हातांनी कढईत कालवत, तिची धूळ नाकातोंडात जाई, आणि वर्षं गेली की लघवीतून रक्त पडू लागे. अनिशने दोन वर्षं खपून एकोणतीस कामगारांना एकेक करून तपासणीला नेलं होतं. त्यांचे रिपोर्ट त्या फाइलीत होते. येत्या शनिवारी लखनऊहून तपासणी पथक यायचं होतं आणि फाइल त्यांच्यापुढे ठेवायची होती. सोमवारी सकाळी दहाला अनिश ती मावशीच्या फडताळातून घेऊन कारखान्यात गेला. आता तीही नव्हती आणि तोही नव्हता.

बाईंनी फोन पुढे केला. सोमवारी दुपारी एक वाजून वीस मिनिटांनी अनिशचा शेवटचा मेसेज आला होता:

'मावशी, फाइल खाली. बघून येतो.'

त्याखाली बाईंचं उत्तर: 'बरं. जेवायला ये.'

"कारखान्यात ऑफिस वर आहे, रंगाच्या कढया खाली," बाईंनी कस्तुरीला समजावून सांगितलं. "खाली म्हणजे नीचे. फाइल खाली राहिली होती. नियाज मास्टरांकडे."

नियाज मास्टर हे तिथले मुख्य रंगारी. रविवारीच त्यांनी चारचौघांत अनिशला झापलं होतं, 'हमारी बीमारी का ढिंढोरा पीटेगा?' म्हणून. कस्तुरीला एवढं पुरलं. बारा वाजायच्या आत नियाज मास्टर कोठडीत होते.

संध्याकाळी बाईंनी स्वतः अग्नी दिला. घरी निघताना कस्तुरीने एक पाकीट हातात ठेवलं. घड्याळ, फडताळाची किल्ली आणि अंगावरून उतरवलेलं जानवं.

"उस पर खून लगा है," ती म्हणाली. "सँभालकर खोलिएगा."

बाईंनी घरी येऊन दिव्याखाली पाकीट उघडलं आणि दिवसभरात पहिल्यांदा ताठ बसल्या. तांबूस डाग होते खरे. पण डागांमधला धागा पिवळाधमक होता. घाटावरच्या त्यांच्या मराठी घरांत जानवं असतं पांढरं. अनिशचं तर बाईंनीच आठ दिवसांपूर्वी साबणाने चोळून शुभ्र केलं होतं.

हे जानवं अनिशचं नव्हतं.

२

बुधवारी बाई कारखान्यात गेल्या. निमित्त अनिशचा डबा आणि छत्री आणायचं.

मालक देवव्रत सेठ म्हणजे अंगावर कधी थेंबभर रंग न उडालेला माणूस. सगळ्या बनारसला रंगवून हा पांढरा राहिला, असं लोक म्हणत. त्यांनी बाईंना गादीवर बसवलं, चहा मागवला, डोळे टिपले.

"हीरा था लड़का. बस एक वहम पाल लिया था. कहता था हम जहर घोलते हैं."

"आणि घोळत नाही तुम्ही?"

सेठ दुखावल्यासारखे हसले. रेशमाची एक लाल लडी त्यांनी मागवून घेतली. लडी सुताच्या दोऱ्याने बांधलेली होती. रेशीम लालभडक, दोरा पांढरा.

"आप तो विज्ञान पढ़ाती थीं. यह देखिए. परमिटवाला रंग है. सिर्फ रेशम पकड़ता है, सूत को छूता तक नहीं. वह जो बंद हुआ लाल है, वह तो सूत-रेशम सब पर चढ़ जाता है, उतरता नहीं. हमारे यहाँ वह होता तो यह डोरा सफेद रहता?"

दाखला बिनतोड होता. बाईंनी मान डोलावली, डबा घेतला, आणि जाताना मुद्दाम मागच्या दाराने निघाल्या.

मागे वरुणा. नदी म्हणायची ती केवळ सवयीने. कारखान्याचा नाला तिच्यात उतरत होता. त्या दिवशी जांभळा होता, उद्या हिरवा असेल. काठावरच्या गाळात लडींना बांधलेले जुने दोरे कापून टाकलेले होते, ओंजळभर. बाईंनी काठीने उलटेपालटे केले. एकूणएक लाल.

भिंतीपाशी एक कामगार पाठमोरा उभा होता. एक हात भिंतीला टेकलेला, कपाळ त्या हातावर. लघवीला उभा राहिलेला माणूस इतका वेळ उभा राहत नाही. त्याच्या तोंडून बारीक आवाज निघाला, मग तो नाडी बांधत वळला, बाईंना पाहून ओशाळला आणि खोकत निघून गेला. भिंतीवर खालपासून गुडघ्याइतक्या उंचीपर्यंत एक तपकिरी पट्टा होता. तो एका दिवसाचा नव्हता आणि एका माणसाचा नव्हता.

सेठ खोटं बोलतात एवढं कळलं. पण खोटं बोलणारा प्रत्येक जण जानवं बदलत नाही. सेठच्या उघड्या कॉलरीतून बाईंनी पाहून घेतलं होतं: सोन्याची साखळी होती, धागा नव्हता. निघताना त्यांनी सहज विचारलंही होतं, की अनिशच्या गळ्यातलं पिवळं जानवं तुम्ही पाहिलं होतं का. सेठ गोंधळले.

"जनेऊ? पता नहीं. पहनता था क्या?"

३

मिसिर ओसरीवर टकळी फिरवत बसले होते. शेजारी पितळी वाटीत कालवलेली हळद. जानव्याचं सूत ते स्वतः कातत. बाजारचं त्यांना चालत नसे. आत त्यांची बायको दगडावर कपडे आपटत होती. मिसिरांनी आयुष्यात स्वतःचा गमछा पिळला नाही, गंगेतून निघाले की तो आपोआप वाळतो, असं गल्लीत चेष्टेने म्हणत.

"आइए बहिनजी. नींद आई?"

"नाही आली."

"हमें भी नहीं." टकळी थांबली. डोळे खरोखरच सुजलेले होते. "हमको चाचा कहता था. अभी सोमवार को ही तो बेलपत्र लेकर आपके यहाँ आए थे. आपने अदरक की चाय पिलाई. क्या मालूम था."

"नियाज मास्टरांविषयी तुम्हाला काय वाटतं?"

"अब क्या कहें," मिसिर म्हणाले, आणि न सांगता बरंच सांगितलं. नियाज तापट आहे. फाइलीला घाबरत होता. दुपारी त्याच्या कढयांपाशी दुसरं कोणी फिरकत नाही. मिसिर थांबून थांबून, नाइलाज असल्यासारखे बोलत होते, पण एकही मुद्दा सुटत नव्हता.

बाई वाटीकडे पाहत होत्या. "हळद कशाला, पंडितजी?"

"बिना हल्दी का जनेऊ? कोरा सूत तो कफन में लगता है." मग जीभ चावून म्हणाले, "आप लोगों का चलन अलग है, माफ कीजिएगा."

"आणि जुनं झालं की?"

"पीपल पर. पंचगंगा के ऊपरवाला. सब वहीं टाँगते हैं. कूड़े में थोड़े न फेंकेंगे."

बाई घरी आल्या. ताटलीत जानवं ठेवलं, लिंबू कापलं आणि डागावर एक थेंब पिळला.

रक्त लिंबाला दाद देत नाही. हा डाग मात्र बघता बघता तांबड्याचा पिवळा झाला. दुसऱ्या डागावर थेंब, तोही पिवळा. हळदीच्या कपड्याला साबण लागला की तो लाल होतो आणि आंबटाने पुन्हा पिवळा, हे कुठल्याही मराठी स्वयंपाकघरातली मोलकरीण सांगेल. धाग्यावर रक्त नव्हतंच. ते जानवं घातलं तेव्हा अनिशच्या अंगावर सोडा होता. गंगेच्या पायरीवर सोडा कुठला? रेशमावरचा चिकटा काढायला साबण आणि सोडा लागतो, तो रंगाईच्या कारखान्यात. म्हणजे अनिश घाटावर मेला नव्हता. त्याला तिकडे धुतलं, कपडे बदलले आणि इथे आणून टाकलं.

तिकडे म्हणजे खाली. नियाज मास्टरांच्या कढयांपाशी.

बाईंनी ताटली दूर सारली. त्या बिचाऱ्याला आपण भलत्याच संशयाने तर अडकवलं नाही ना, हे पाहायला त्या निघाल्या होत्या. आणि हातात आला तो त्याच्याच गळ्याचा फास.

४

गुरुवारी कस्तुरीने दहा मिनिटं दिली. "हालत ठीक नहीं है इनकी," ती दाराशी पुटपुटली. "कल से दो बार..." पुढचं तिने कोपऱ्यातल्या डब्याकडे नुसतं पाहून सांगितलं.

नियाज मास्टर गजांना टेकून बसले होते. वय अठ्ठावन्न, दिसायला पंचाहत्तर. नखं मुळापासून काळपट लाल. ही नखं मेल्यावरच पांढरी होणार, असं ते स्वतःच म्हणत.

"दीदी, हमने नहीं मारा," ते म्हणाले. "डाँटा था, हाँ. उस फाइल में पहला कागज हमारा था. लड़की की बात चल रही थी. बीमार घर में कौन ब्याहता है? बोले थे, बेटा, शादी निकल जाने दे, फिर जिसको दिखाना है दिखा."

"सोमवारी तो फाइल घेऊन खाली तुमच्याकडे आला होता?"

"दोपहर में हम घर पर थे, खाना खाने. हमारे सामने तो नहीं आया."

"मग त्याने असं का लिहिलं?" बाईंनी गजांतून फोन आत दिला.

मास्टरांनी फोन लांब धरला, डोळे बारीक करून एकेक अक्षर लावलं. "मावशी... फाइल खाली..." मान वर केली. "इसमें पूछना क्या है? साफ लिखा है."

"हो ना. फाइल खाली आहे. नीचे."

"नीचे काहे?" मास्टरांना काही कळेना. "खाली माने खाली, दीदी. फाइल में कुछ है नहीं. किसी ने कागज निकाल लिए."

कोठडीच्या भिंतीवरून एक पाल सरसरत गेली. बाईंना ती मोठ्यांदा ऐकू आली.

चौतीस वर्षं पोरींच्या उत्तरपत्रिका तपासल्या, आणि घरच्या पोराचं साडेतीन शब्दांचं वाक्य चुकीचं वाचलं. 'मावशी, पंखा तेज कर.' 'मावशी, मला गुस्सा आला.' 'मावशी, सिलिंडर खाली झाला.' रोज दहादा कान उपटत होत्या, 'रिकामा म्हण रे गाढवा, रिकामा.' तो हसायचा आणि पुन्हा तेच म्हणायचा. फाइल रिकामी आहे, कुणी रिकामी केली ते बघून येतो, असं तो सांगत होता. आणि मावशीने लिहिलं, बरं, जेवायला ये.

त्यांना रडू आलं असतं. पण दहातली सहा मिनिटं संपली होती.

"मास्टर, आणखी एक सांगा. अंगाला सोडा लागलेल्या माणसाला तुम्ही हळदीचं जानवं घालाल?"

इतक्या दुखण्यातही मास्टर हसले. "हल्दी? सोडे पर? दो मिनट में मुँह लाल कर लेगी. चालीस साल का रंगरेज ऐसा करे तो बिरादरी थूके. यह तो उसका काम है जिसने न कभी रंग घोला हो, न कपड़ा धोया हो."

बाई उठल्या. मेसेज नीट वाचल्यावर सगळं नीट वाचता येऊ लागलं. अनिशने फाइल फडताळातून उचलली आणि न उघडता नेली. कारखान्यात उघडली तेव्हा ती रिकामी. म्हणजे कागद कारखान्यात गेलेच नाहीत. चोरी घरात झाली. सोमवारी सकाळी दहाच्या आधी त्या घरात बाहेरचं एकच माणूस आलं होतं. आणि बाईंनी त्याला किल्ली कुलपातच असलेल्या फडताळाशेजारी बसवून, आत जाऊन, आलं किसून चहा केला होता.

५

"सहामाहीत तू ज्या प्रश्नावर नापास झाली होतीस, तोच हा प्रश्न आहे," शुक्रवारी सकाळी घाट उतरता उतरता बाई कस्तुरीला म्हणाल्या. "आम्ल आणि अल्कली. हा धागा घालणाऱ्याला तीन गोष्टी चिकटल्यात. ब्राह्मणाचं पोर उघड्या गळ्याने जाऊ नये असं त्याला मनापासून वाटतं. सेठला असं काही वाटत नाही. जानवं पिवळंच असतं अशी त्याची समजूत आहे. आणि सोड्याने हळद लाल होते हे त्याला ठाऊक नाही. नियाजला ते झोपेतही ठाऊक आहे."

"पण बहिनजी, पुराना जनेऊ उतारा ही क्यों?"

"तेच तर. तो रंगात पडला असणार. कपडे बदलले, अंग घासलं, तरी एक सुताचा धागा धुऊन पांढरा होईना. सेठने मला स्वतःच्या तोंडाने सांगितलं, कुठला लाल सुतावर चढतो आणि उतरत नाही. तो धागा कुणी ओळखला असता तर कारखान्यात काय शिजतं ते कळलं असतं. म्हणून काढला. आता सांग, जो माणूस मेलेल्याला जानवं घालतो, तो त्याचं जुनं जानवं गटारात टाकेल?"

पिंपळावर शेकडो धागे लोंबत होते. पिवळे, मळके पिवळे, उन्हाने उडालेले. मिसिर खाली नदीतून वर येत होते, तोंडात स्तोत्र. बाईंना झाडाखाली पाहून स्तोत्र अर्ध्यावर अडखळलं.

बाईंना शोधावं लागलं नाही. कमरेच्या उंचीवर, पारंबीसारख्या वाकलेल्या फांदीला, एकच जानवं लाल होतं. गाठी पाच, अनिशच्या घराण्याच्या. अनिशच्या मुंजीत याच गाठींवरून भिक्षावळीत किती चर्चा झाली होती.

त्यांनी पदराच्या टोकाची लिंबाची फोड काढली आणि लाल धाग्यावर पिळली. लाल हटला. त्याच्या जागी निळाजांभळा चढला, जुनं दुखणं त्वचेवर उमटावं तसा.

"परमिटवाला रंग लिंबाने निळा होत नाही, पंडितजी," बाई म्हणाल्या. "हा बंद झालेला. आणि हे माझ्या अनिशचं."

मिसिर पायरीवर बसले. पळाले नाहीत, नाकबूलही झाले नाहीत. ओल्या धोतरातून पाणी पायरीवर निथळत राहिलं.

कारखान्यात येणाऱ्या प्रत्येक डब्यावर, 'आतला रंग तपासला, नियमाप्रमाणे आहे', अशी सही मिसिरांची असे. फाइल पुढे आली तर पहिल्यांदा तेच जाणार, हे सेठने त्यांना रोज थोडं थोडं करून पटवलं. रिपोर्ट मिसिरांनी काढले, फाइल हलकी लागू नये म्हणून कोरे कागद भरले. सोमवारी दुपारी अनिश त्यांना कढयांपाशी गाठून म्हणाला, चाचा, घरी फक्त तुम्ही आला होतात. "हमने एक हाथ मारा, बहिनजी. बस एक हाथ." डोकं कढईच्या काठावर आपटलं आणि पोर रंगात गेलं. सेठने वरून पाहिलं आणि म्हणाले, धो डालो. मग साड्यांच्या गठ्ठ्यांखाली झाकून, उजाडायच्या आत, नावेतून पंचगंगेवर.

"आणि कागद?" कस्तुरीने विचारलं.

"बॉयलर में." मिसिरांनी पिंपळाकडे पाहिलं. "कागद का क्या. पर जनेऊ कैसे जलाते? गंगाजी को भी कैसे देते, खून का था. और नंगे गले कैसे छोड़ देते उसे? ब्राह्मण का लड़का था."

विद्युल्लताबाई मराठीतच बोलल्या, आणि मिसिरांना शब्द न् शब्द कळला.

"ब्राह्मणाचा होता हे तुम्हाला तो मेल्यावर दिसलं, पंडितजी. माणसाचा होता हे कढईपाशी दिसलं असतं तर बरं होतं."

६

शनिवारी पथक आलं. साहेब तीन, जीप एक. कस्तुरी सेठना घेऊन जायला आली होती, पण सेठ अजून गादीवरच होते, शेजारी वकील. मिसिर बहकले आहेत, त्यांनी आपलं पाप दुसऱ्यावर लोटलं, असं वकील सांगत होते.

बाईंनी लाल जानवं काचेच्या बशीत पुढे ठेवलं. मोठ्या साहेबांनी ते पाहिलं, नमुन्याच्या पिशवीत घातलं, पावती दिली.

"एक धागा," वकील म्हणाले. "किसी और जगह भी रँगा जा सकता है. सुना था उनतीस मजदूर बीमार हैं. रिपोर्ट कहाँ हैं?"

रिपोर्ट बॉयलरमध्ये होते. दोन वर्षं अनिशने एकेकाच्या घरी जाऊन, विनवून, रांगेत उभं राहून जमवलेले. साहेबांनी घड्याळ पाहिलं.

तेव्हा जिन्यावर पावलं वाजली. सावकाश, बरीच.

पुढे नियाज मास्टर होते. आदल्या दिवशी सुटल्यावर त्यांना दवाखान्यात जायला सांगितलं होतं. ते गेले नव्हते. मागून एकेक करून खालची माणसं वर येत होती. वरच्या गादीच्या खोलीत त्यांतले बरेच जण आयुष्यात पहिल्यांदा शिरत होते, म्हणून चपला त्यांनी खालीच काढल्या होत्या. प्रत्येकाच्या हातात बाटली होती. औषधाची, सरबताची, एकाकडे मुलाची दुधाची. प्रत्येकाने ती गमछ्याआड धरली होती, आणि कुणी कुणाकडे पाहत नव्हतं.

मास्टर खिडकीशी गेले. कट्ट्यावरची शेडकार्डं त्यांनी बाजूला सारली आणि माणसांच्या हातातून बाटल्या घेऊन मांडू लागले. घाई नव्हती. एक ठेवली, मागे सरकून उजेडात पाहिली, दुसरीशी बदलली. चाळीस वर्षांची सवय, फिक्यापासून गडदापर्यंत. आधी पाण्यासारख्या, मग पिवळ्या, मग चहासारख्या, मग गुलाबी, मग ज्याला साडीवाले रानी म्हणतात तो. शेवटची बाटली त्यांनी स्वतःच्या कुडत्यातून काढली. तिच्यातून उजेड आला नाही.

खोलीत वास पसरला. सेठने रुमाल नाकाला लावला. मोठ्या साहेबांनी घड्याळावरची बाही खाली ओढली आणि वही उघडली.

"नाम बोलिए," ते म्हणाले.

"बोलते हैं." मास्टर कट्ट्याला धरून उभे होते. त्यांनी बाईंना हाताने जवळ बोलावलं. "दीदी, पहले आप गिन लीजिए. कल कोई यह न कहे कि फाइल में कुछ था ही नहीं."

बाई मोजू लागल्या. अठ्ठावीसनंतर त्यांनी शेवटच्या काळ्या बाटलीवर बोट ठेवलं.

"एकोणतीस," त्या म्हणाल्या. "खाली एकही नाही."